वजन ९८ किलो आणि पाऊल आत कलणारे: धावण्याचे शूज कशावरून निवडावेत?

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

सर्वांना नमस्कार. माझे वय ४१, उंची ५ फूट ९ इंच आणि वजन ९८ किलो आहे. गेल्या वर्षीच्या तपासणीत रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आल्याचे कळले, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने मी रोज चालू लागलो आणि दिवाळीनंतर त्या चालण्याचे हळूहळू धावणे झाले. सध्या आठवड्यातून चार दिवस पहाटे घरापासून रंकाळ्यापर्यंत आणि तिथून परत असा धावतो. एका किलोमीटरला साधारण ८ मिनिटे लागतात. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये १० किलोमीटरची धाव न थांबता पूर्ण करावी, एवढीच इच्छा आहे.

अडचण अशी आहे की, चौथ्या किलोमीटरनंतर डाव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर साधारण वीतभर पट्ट्यात दुखू लागते. उजव्या पायाला हा त्रास क्वचितच होतो. धावणे थांबवले की तासाभरात दुखणे ओसरते, पण दुसऱ्या दिवशी बोटाने दाबले तर ती कड हुळहुळी लागते.

माझे तळवे सपाट आहेत हे लहानपणापासून ठाऊक आहे. वडिलांच्या आणि माझ्या वापरलेल्या कोल्हापुरी चपला शेजारी ठेवल्या तर ते कोणालाही दिसेल. वडिलांच्या चपलेच्या चामड्यावर टाचेचा आणि चवड्याचा काळपट ठसा आहे आणि दोहोंच्या मध्ये, आतल्या बाजूने, चंद्रकोरीएवढी जागा अजून मूळ रंगाची राहिली आहे. माझ्या चपलेवर टाचेपासून बोटांपर्यंत सलग एकच ठसा आहे, कोर कुठेच नाही.

पहिले शूज मी हातात घेऊन मऊ वाटले म्हणून घेतले. अडीचशे किलोमीटर होण्याच्या आतच डावा बूट आत झुकला. दुसऱ्या खेपेला एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे ट्रेडमिलवर अर्धा मिनिट धावायला लावून पाठीमागून चित्रीकरण केले, ‘तुमचे ओव्हरप्रोनेशन तीव्र आहे’, म्हणजे पाऊल प्रमाणाबाहेर आत कलते, असे सांगितले आणि ते कलणे आवरावे म्हणून अतिशय कडक आधाराचा एक जोड दिला. त्यात तळव्याच्या मधोमध काहीतरी सतत टोचत राहते आणि नडगीचे दुखणे तर जसेच्या तसे आहे.

माझ्यासारख्या वजनदार माणसाने आधार देणारे शूज घ्यावेत की साधे? वजनामुळे उत्तर बदलते का? आणि दुकानात उभे असताना नेमके काय तपासावे, की पुन्हा पैसे वाया जाणार नाहीत? खर्चाची मर्यादा साधारण १३ हजार रुपये आहे.

टेकडीवरचा (पुणे)

नमस्कार. मी ११ वर्षे धावतो आहे. सुरुवात केली तेव्हा माझे वजन १०२ किलो होते, आज ९१ आहे, आणि पाय आपल्यासारखेच सपाट आहेत. त्यामुळे हा प्रश्न मी स्वतःच्या पायांवर बराच काळ सोडवत आलो आहे.

सर्वप्रथम, दुकानातले अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण हा शेवटचा शब्द समजू नये. अनोळखी यंत्रावर, लोक पाहत असताना आणि थकवा नसताना माणूस जसा धावतो, तसा तो पाचव्या किलोमीटरला धावत नाही. आपल्या जुन्या जोडाला याहून जास्त माहिती आहे. तो टेबलावर ठेवा, डोळे टेबलाच्या पातळीला आणा आणि पाठीमागून पाहा. टाचेचा मागचा कप सरळ उभा आहे की आत कलला आहे, मधल्या फोमवर आतल्या बाजूने आडव्या सुरकुत्या पडल्या आहेत का, हे पाहावे. तळाच्या रबराची झीज मात्र जपून वाचावी. टाचेची बाहेरची कड बहुतेक सर्वांचीच झिजते, कारण बहुतेकांचे पाऊल तिथेच प्रथम टेकते. त्यावरून ‘माझा पाय बाहेर कलतो’ असा निष्कर्ष काढणारे अनेक जण मी पाहिले आहेत, आणि तो चुकीचा असतो.

आता वजनाविषयी. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते अडीच पट बल येते. आपल्या बाबतीत ते २०० ते २४५ किलोच्या घरात जाते, आणि आपल्या वेगाने एका किलोमीटरला प्रत्येक पाय साधारण सव्वासहाशे वेळा ते सोसतो. दुकानात अंगठ्याने दाबून जो फोम गादीसारखा छान वाटतो, तो एवढ्या भाराखाली पूर्ण दबतो. आणि पाय आधीच आत कलणारा असल्यामुळे आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा जास्त दबते. म्हणजे बूटच उताराचा होतो आणि प्रत्येक पावलाला पायाला आत ढकलत राहतो. माझ्या अनुभवात वजनदार धावपटूच्या दृष्टीने ‘सपोर्ट’ या शब्दापेक्षा हा मुद्दा मोठा आहे. बुटावर काय लिहिले आहे यापेक्षा आपल्या वजनाखाली त्याचा तळ किती ढळतो, हे पाहावे.

ते पाहायचे कसे? बूट उलटा करून तळाची रुंदी पाहा, विशेषतः टाचेखाली आणि मधल्या भागात. काही बुटांचा तळ मध्यभागी कंबरेसारखा बारीक होतो; सपाट तळव्याच्या वजनदार माणसाने तो घेऊ नये, कारण आपला भार नेमका तिथे पडतो आणि खाली आधाराला काहीच नसते. दोन्ही हातांत धरून बूट पिळून पाहा. पंचा पिळावा तसा पिळला गेला तर परत ठेवा. टाचेचा कप दोन बोटांत दाबून पाहा, तो सहज चेपता कामा नये. बूट वाकावा तो बोटांच्या सांध्यापाशी, मधोमध नव्हे.

मापाची गोष्ट याहून महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याला ‘टोचते’ म्हणता, तिथे मला आधाराच्या कडकपणापेक्षा बुटाच्या अरुंदपणाचा संशय येतो. बुटातला सुटा तळ, म्हणजे इनसोल, बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहा. पायाची आतली कड किंवा करंगळीची बाजू त्या इनसोलच्या बाहेर सांडत असेल, तर तो बूट आपल्या पायाचा नाही, मग आत कितीही चांगले तंत्र असो. पुरुषांच्या बुटांची नेहमीची रुंदी ‘डी’ असते, रुंद माप ‘२ई’ आणि त्याहून रुंद ‘४ई’. आपल्याकडच्या दुकानांत रुंद मापे सहसा मांडलेली नसतात. विचारावी लागतात, कधी मागवून घ्यावी लागतात. सपाट पाय भाराखाली लांबही होतो आणि रुंदही, म्हणून बसून माप देऊ नये. संध्याकाळी, दिवसभराची सूज पायात असताना, धावण्याचेच मोजे घालून जावे आणि उभे राहून सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहते का ते पाहावे. मी ही जागा सोडली नव्हती. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढताना काही जाणवले नाही, पण तोच घाट उतरताना प्रत्येक पावलाला पाय पुढे सरकत होता, आणि दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडून महिन्याभरात गळाली.

आपण नावे विचारली नाहीत, तरी ती उपयोगी पडतील म्हणून सांगतो. मध्यम आधाराच्या वर्गात असिक्सचा जीटी-२०००, ब्रुक्सचा ॲड्रेनलिन जीटीएस, सॉकनीचा गाइड, न्यू बॅलन्सचा ८६० आणि होकाचा अराही हे जोड घालून पाहण्यासारखे आहेत. असिक्सचा कायानो याच कामाचा, पण अधिक जाड आणि महाग. पूर्वी यांतल्या बहुतेकांत आतल्या बाजूला राखाडी रंगाच्या कडक फोमचा तुकडा असे, त्याला मीडियल पोस्ट म्हणतात. आता तो मागे पडत चालला आहे. ब्रुक्सने त्याऐवजी टाचेच्या दोन्ही बाजूंना आधाराचे कठडे दिले, तर असिक्सने २०२३ च्या कायानो ३० मध्ये कडक तुकडा काढून तळ रुंद केला आणि कमानीखाली वेगळा फोम घातला. म्हणून दहा वर्षांपूर्वीचा सल्ला आज त्याच नावाच्या बुटाला लागू पडेलच असे नाही. मर्यादा १३ हजारांची असेल तर मागच्या आवृत्तीचे जोड सवलतीत शोधावेत. नवी आवृत्ती बाजारात आली की जुनी बरीच स्वस्त होते.

पाऊलवाट (नाशिक)

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या धावपटूंपैकी पुष्कळ जण ‘माझे ओव्हरप्रोनेशन आहे’ याच वाक्याने सुरुवात करतात. म्हणून आधी तो शब्द जागेवर ठेवते. पाऊल टेकल्यावर आत कलणे हा दोष नाही. टाचेची बाहेरची कड टेकते, मग पाऊल आत वळते, कमान थोडी सपाट होते आणि धक्का शोषला जातो. ही शरीराची ठरलेली रीत आहे. प्रश्न एवढाच असतो की हे कलणे किती होते, किती वेगाने होते आणि ते आवरणारे स्नायू तेवढा भार पेलण्याइतके सशक्त आहेत का.

दोन तपासण्या घरी करून पाहाव्यात. पहिली: भिंतीला बोटे टेकवून दोन्ही पायांच्या चवड्यावर उभे राहा आणि कोणाला तरी मागून पाहायला सांगा. टाचा उचलल्यावर तळव्याला कमान दिसू लागली आणि टाचा किंचित आत वळल्या, तर आपला सपाटपणा लवचीक आहे आणि काळजीचे कारण नाही. कमान मुळीच आली नाही, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. दुसरी: एका पायावर उभे राहून टाच पूर्ण उंचीपर्यंत किती वेळा उचलता येते ते मोजा, आणि दोन्ही पायांचे आकडे लिहून ठेवा. नडगीच्या मागून येऊन घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्यात जाणारा टिबियालिस पोस्टेरियर नावाचा स्नायू कमानीला वर धरून ठेवतो. तो आणि पोटरी अशक्त असतील तर हा आकडा लगेच घसरतो.

नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पसरलेले दुखणे हे बहुधा हाडाच्या त्या कडेवर पडलेल्या ताणाचे असते, त्याला धावपटूंत शिन स्प्लिंट्स म्हणतात. अधिक वजन आणि भाराखाली कमान जास्त खाली जाणे, ही दोन्ही त्याची ओळखीची कारणे आहेत. पण एक इशारा द्यायलाच हवा. दुखणे जर एका बोटाखाली मावेल एवढ्या जागी एकवटले, रात्री किंवा बसल्या जागी ठणकू लागले, किंवा त्या एका पायावर उडी मारताच कळ आली, तर धावणे त्याच दिवशी थांबवा. हाडाला सूक्ष्म भेग असू शकते, आणि सुरुवातीच्या दिवसांत ती साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही. एमआरआय करावा लागतो.

आता आधाराचे शूज की साधे, याविषयी अभ्यास काय सांगतात ते पाहू, कारण दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीचा एकच अभ्यास पुढे करतात. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावपटूंना एकाच प्रकारचे साधे शूज देऊन वर्षभर त्यांच्याकडे लक्ष ठेवले गेले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांचे पाय मध्यम प्रमाणात आत कलत होते त्यांना इतरांपेक्षा जास्त दुखापती झाल्या नाहीत. अमेरिकी सैन्यातील नवभरतीच्या जवानांना तळव्याच्या आकारानुसार शूज वाटून पाहिले गेले, तेव्हाही दुखापतींचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. यावरून ‘आधार निरुपयोगी आहे’ असे काही जण म्हणतात. पण २०१६ मध्ये लक्झेंबर्गच्या संशोधकांनी ३७२ धावपटूंना, कोणाला कोणता जोड दिला हे त्यांना कळू न देता, आधाराचे आणि बिनआधाराचे शूज सहा महिने वापरायला दिले. त्यात आधाराचे शूज घालणाऱ्यांना कमी दुखापती झाल्या, आणि हा फायदा प्रामुख्याने आत कलणाऱ्या पायांच्या लोकांमध्ये दिसला.

याच गटाचा २०२० चा अभ्यास आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. ८४८ धावपटूंना मऊ आणि कडक तळाचे शूज दिले गेले. कडक तळाच्या शूजमध्ये दुखापती जास्त झाल्या, पण मऊपणाचा लाभ मिळाला तो हलक्या वजनाच्या धावपटूंना. वजनदार धावपटूंमध्ये मऊ आणि कडक यांत फरक आढळला नाही. ‘वजन जास्त म्हणून सर्वांत मऊ गादी घ्या’ हा दुकानातला सर्रास सल्ला असतो, आणि त्याला या निष्कर्षाचा आधार मिळत नाही. वर पुण्याच्या मित्रांनी फोम दबण्याविषयी जे लिहिले आहे, ते मला पटते.

म्हणून माझे मत असे: आपले वजन, सपाट तळवे आणि नडगीच्या आतल्या कडेचे दुखणे हे तिन्ही एकत्र धरले, तर मध्यम आधाराचा, रुंद आणि स्थिर तळाचा जोड घेणे हा योग्य निर्णय आहे. तीव्र आधाराचा मात्र नको. पायाला न सोसणारा कडकपणा त्याच्या कलण्याला आवर घालत नाही. पाय त्यापासून सुटका करून घेण्यासाठी वेगळ्याच ठिकाणी ताण घेतो, आणि मग गुडघ्याच्या किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूने तक्रारी सुरू होतात. दोन-तीन जोडांत निवड करायची वेळ आली, तर पायाला पहिल्या मिनिटापासून जो सुखकर वाटतो तो घ्यावा. ‘हळूहळू सवय होईल’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नये.

आणि बुटाला सगळे काम सोपवू नये. ब्राझीलमध्ये ११८ धावपटूंवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पावलाच्या लहान स्नायूंचे व्यायाम न करणाऱ्यांना वर्षभरात दुखापत होण्याचा धोका व्यायाम करणाऱ्यांच्या सुमारे अडीचपट होता. आपण दोनच गोष्टी करा. एका पायावर टाच उचलणे, गुडघा सरळ ठेवून आणि किंचित वाकवून, दिवसाआड तीन फेऱ्या. दुसरे, जमिनीवर पाय सपाट ठेवून, बोटे न मुडपता, चवडा टाचेकडे ओढून कमान उचलणे. पहिल्या आठवड्यात पायात गोळा येतो, त्याला घाबरू नये.

येऊरची वाट (ठाणे)

माझे वजन ८४ किलो आहे आणि मी नेमके उलट केले, म्हणून लिहिते. चार वर्षे आधाराचे शूज वापरले, दर वेळी टाचेच्या आत फोड येत. अखेर रुंद तळाचा साधा जोड घेतला, ज्यात कोणताही आधार म्हणून लिहिलेला नव्हता, पण पाय जिथे बसतो तिथे फोमच्या कडा दोन्ही बाजूंनी वर आलेल्या होत्या. माझी तक्रार त्यात मिटली. तेव्हा ‘पाय कलतो म्हणून आधाराचेच हवेत’ असे मी म्हणणार नाही. स्थिर तळ हवा, मग त्यावर कोणतेही नाव असो. महिला वाचत असतील त्यांच्यासाठी एक सांगते: महिलांच्या बुटांची नेहमीची रुंदी ‘बी’ असते आणि ‘डी’ हे त्यांच्यासाठी रुंद माप आहे. ते न मिळाल्यास पुरुषांचा ‘डी’ मापाचा जोड घालून पाहायला मुळीच संकोचू नये, मात्र टाच आत सैल पडत नाही ना, हे चालून पाहावे.

पण मला खरा प्रश्न वेगळा पडला आहे. दुखणे फक्त डाव्या पायाला का? सपाट तर दोन्ही पाय आहेत. आपण रस्त्याच्या कोणत्या कडेने धावता? आपले डांबरी रस्ते पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरते केलेले असतात. समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून आपण नेहमी उजव्या कडेने धावत असाल, तर आपला डावा पाय रोज वरच्या बाजूला पडतो आणि रस्त्याचा उतारच त्याला आत कलवतो; उजवा पाय उलट बाहेरच्या बाजूला तोलला जातो. माझ्या डाव्या गुडघ्याचे दुखणे दोन महिन्यांनी याच कारणापाशी येऊन थांबले होते. सुरक्षिततेसाठी कड बदलणे शक्य नसेल तर मैदान, विद्यापीठाचा आवार, असा सपाट भाग शोधावा आणि तिथे फेऱ्या मारतानाही दिशा बदलत राहावी.

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. मी खरोखरच नेहमी उजव्या कडेने धावतो, आणि ही गोष्ट कधी डोक्यातच आली नव्हती. तपासण्या केल्या: चवड्यावर उभे राहिल्यावर दोन्ही पायांना कमान येते. एका पायावर टाच उचलण्याचा आकडा उजव्याचा १७, डाव्याचा ९ आला. इनसोलवर उभा राहिलो तर डाव्या पायाची आतली कड बोटभर बाहेर सांडते आहे.

आणखी एक विचारतो. कमानीखाली घालायचे तयार इनसोल सगळीकडे मिळतात. जुन्याच जोडात ते घालून भागेल का?

पाऊलवाट (नाशिक)

९ आणि १७ हा फरक बराच बोलका आहे. जोड कोणताही घेतलात तरी डाव्या पायाचा व्यायाम आधी सुरू करा.

इनसोलविषयी: आपला जुना बूट आधीच अरुंद आहे, त्यात जाड इनसोल घातल्यास आतली जागा आणखी कमी होईल. शिवाय ज्याचा तळ आत झुकला आहे, त्या बुटात इनसोलही त्याच उतारावर बसतो. कललेल्या पायावर नवा माळा चढवण्यासारखे ते आहे. आधी स्थिर जोड घ्या, सहा आठवडे पाहा, आणि तरीही गरज भासली तर पाय तपासून बनवून घेतलेल्या इनसोलचा विचार करता येईल.

एक गोष्ट मी पहिल्या उत्तरात लिहायला हवी होती. आपण साखर उंबरठ्यावर असल्याचे लिहिले आहे. ‘पायाला सुखकर वाटेल तो जोड घ्या’ हा सल्ला पायाची संवेदना शाबूत असेल तरच उपयोगाचा असतो. वाढलेल्या साखरेमुळे काहींच्या तळव्यांची जाणीव इतकी हळूहळू कमी होते की ते स्वतःला कळतही नाही, आणि बूट चावत असताना तो चावतो आहे हेच समजत नाही. पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना तळव्याची संवेदना पाहायला सांगा. नायलॉनच्या बारीक तंतूने पाच मिनिटांत ती पाहता येते. आणि धावून आल्यावर मोजे काढून तळवे रोज उजेडात पाहावेत.

टेकडीवरचा (पुणे)

जोड मिळाल्यावर दोन-तीन गोष्टी पाळाव्यात. पहिल्या आठवड्यात तो फक्त छोट्या धावांना वापरा आणि किती किलोमीटर झाले याची नोंद ठेवा. शूज साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतात असे म्हणतात. आपल्या वजनाला मी पाचशेच्या आसपासच टेबलावरची परीक्षा सुरू करायला सांगेन. जमल्यास सहा महिन्यांनी दुसरा, वेगळ्या घडणीचा जोड घेऊन आलटून पालटून वापरावेत. २६४ धावपटूंवरील एका अभ्यासात, एकाहून अधिक जोड वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी आढळला होता. शिवाय कोल्हापूरच्या पावसात भिजलेला जोड दुसऱ्या दिवशी वाळत नाही, हा साधा हिशेबही आहेच. भिजला तर इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पंख्याखाली ठेवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवल्यास डिंक सुटतो.

लेस बांधताना घोट्याजवळचे सर्वांत वरचे, सहसा रिकामे राहणारे भोक वापरा. त्याच बाजूच्या दोन भोकांत लेसचा लहान फासा ठेवून समोरचे टोक त्यातून ओवले की टाच मागे घट्ट बसते आणि चवडा मोकळा राहतो.

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

सात आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमा असावी. मी एका शनिवारी पुण्याला जाऊन आलो. संध्याकाळी पाचनंतर दुकानात गेलो, सोबत जुना झुकलेला जोड नेला आणि तो काउंटरवर ठेवूनच बोलायला सुरुवात केली. तिथल्या मुलाने तो मागून पाहिला, कोणतेही चित्रीकरण न करता आतून पाच जोड आणले आणि प्रत्येक जोड घालून दुकानासमोरच्या सपाट फरशीवर धावू दिले. दोन जोड इनसोलच्या परीक्षेतच बाद झाले. एक अतिशय मऊ होता, पायाला आवडलाही, पण दुसऱ्या फेरीला डावी टाच आत घसरते आहे हे मला स्वतःला जाणवले. या चर्चेआधी ते जाणवले नसते. शेवटी जीटी-२००० ची मागची आवृत्ती, २ई रुंदीची, नेहमीपेक्षा अर्धा आकडा मोठी घेतली. किंमत मर्यादेच्या आत बसली.

त्याच आठवड्यापासून रस्ता सोडून शिवाजी विद्यापीठाच्या आवारात धावू लागलो. त्यामुळे दुखणे कशाने कमी झाले, शूजने, सपाट वाटेने की व्यायामाने, हे वेगळे करून सांगता येणार नाही. पहिले तीन आठवडे पाच किलोमीटरच्या पुढे गेलो नाही. चौथ्या आठवड्यात सात केले तेव्हा नडगी थोडी बोलली, म्हणून दोन दिवस थांबलो. काल ८.५ किलोमीटर झाले आणि आज सकाळी ती कड दाबून पाहिली, हुळहुळी नाही. तळव्यांची संवेदना डॉक्टरांनी तपासली, ती उत्तम आहे. वजन ९५ वर आले आहे.

टाच उचलण्याचा डाव्या पायाचा आकडा १५ झाला आहे. नव्या जोडाचे १६० किलोमीटर झाले. काल रात्री तो टेबलावर ठेवून, दिवा मागे धरून पाहिला. दोन्ही टाचा सरळ उभ्या आहेत.